दुरुस्तीचं पान

मला नोकरी लागली तेव्हा अमरावतीला आमच्या गल्लीत चार दिवस एकच विषय होता. जोशी भटजींची सिंधू अकोल्याच्या सरकारी ऑफिसात नेमकं करणार काय? 'ट्रेसर' हा शब्द कोणाला कळत नव्हता. शेजारच्या वकीलकाकूंनी तो 'ट्रेझर' असा ऐकला आणि मी खजिन्यावर बसणार असं देवळात सांगून टाकलं. प्रत्यक्षात मी दुसऱ्यांनी मारलेल्या रेघांवर रेघा मारणार होते.

हे काम आता राहिलेलं नाही, म्हणून थोडं समजावून सांगते. आमचं ऑफिस आकड्यांचं होतं. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती खात्याची नव्हती. पाऊस किती पडला, कापूस किती झाला, विहिरीला पाणी किती, असे आकडे गावोगावहून येत. आकड्यांची लांबलचक यादी वाचून कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. तेच आकडे चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन जोडले की एक रेघ तयार होते, आणि काय वाढलं, काय घटलं ते एका नजरेत कळतं. त्याला म्हणायचं आलेख. साहेब तो पेन्सिलीनं काढत. मग मी त्यावर मेणचट, आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायची आणि काळ्या शाईनं गिरवायची. त्या कापडावरून हव्या तितक्या प्रती निघत. शाईचा एक थेंब पडला की सकाळपासूनचं काम गेलं.

माझा हात बसला होता तो वडिलांमुळे. ते जन्मपत्रिका करत आणि कुंडलीची घरं आखायचं काम लहानपणापासून माझ्याकडे असे. "घर वाकडं आलं तर ग्रह कुठं बसतील?" असं ते म्हणत. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "रेखाटनाचा काही अनुभव?" मी सांगितलं, "सातशे-आठशे कुंडल्या." साहेब पुण्याकडचे, विनोद उशिरा कळणारे. त्यांनी ते अर्जावर लिहून घेतलं.

मुंबई राज्यातून महाराष्ट्र वेगळा होण्याच्या आगेमागे वरून एक हुकूम आला. प्रत्येक ग्रामपंचायतीत आलेखांचा फलक लागला पाहिजे: पाऊस, कापूस आणि सार्वजनिक विहिरीचं पाणी. काढायचा ग्रामसेवकानं. तो कसा काढायचा याची एक इंग्रजी पुस्तिका सोबत होती, सायक्लोस्टाइल केलेली, अक्षरं पुसट, आणि तिची नऊ ते सोळा पानं नव्हती. आठव्या पानाचं शेवटचं वाक्य होतं, "सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे", आणि लगेच सतरावं पान सुरू व्हायचं, "म्हणून असे कधीही करू नये."

काय करू नये ते ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं.

मी सगळ्या तालुक्यांना पत्रं टाकली. सगळ्यांच्या प्रतीत तीच आठ पानं गायब होती. एका तालुक्याच्या हेडक्लार्कनं उलट लिहिलं, "आमच्याकडेही नाहीत. आपणांस मिळाल्यास आम्हांस पाठवावीत." साहेब म्हणाले, "जोशीबाई, तुम्ही शनिवारी अमरावतीला घरी जाताच. मूळ पुस्तिका तिथल्या जुन्या ऑफिसात तयार झाली म्हणतात. शोधा."

जुन्या ऑफिसात पुस्तिका नव्हती. तिथलं सामानसुमान सांभाळणाऱ्या नाझरनं दोन कपाटं उघडून दाखवली. एकात सतरंज्या होत्या, दुसऱ्यात झेंडे. घरी येऊन मी वैतागून बसले तेव्हा वडील म्हणाले, "अंबागेटच्या आत नीळकंठराव राहतात. ते त्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या नातवाची पत्रिका मीच केली आहे. जाऊन तर बघ."

मी गेले तेव्हा नीळकंठराव परसात वांग्याची रोपं लावत होते. दोरी ताणून, फूटपट्टीनं अंतर मोजून. रोपांचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढून भिंतीला टाचलेला होता. मी ओळखलं, माणूस बरोबर आहे.

"काका, त्या पुस्तिकेची नऊ ते सोळा पानं हवी आहेत," मी म्हणाले.

"आहेत ना," ते हात धूत म्हणाले. "पण तशीच नेशील तर काही उपयोग नाही पोरी. चुकीची आहेत ती."

त्यांनी ट्रंकेतून अख्खी पुस्तिका काढली. प्रत्येक समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. कुठे आकृती पुन्हा काढलेली, कुठे अख्खा परिच्छेद काट मारून नवा. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि तरी ते दुरुस्त्या करतच होते.

"हे तुम्ही ऑफिसला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"दोनदा कळवलं. उत्तर आलं, पुस्तिकेत दुरुस्ती सुचवण्याचा विहित नमुना नाही." ते हसले. "तू घेऊन जा. माझं नाव नको, परवानगी नको. मराठीत कर, कोणालाही दे, ज्याला नकलायची त्याला नकलू दे. एकच कर. शेवटी एक पान कोरं ठेव. वर लिही, 'चूक सापडली तर इथे लिहून परत पाठवा.' चूक वापरणाऱ्यालाच सापडते. लिहिणाऱ्याला कधीच नाही."

आठवं पान उलटून मी अधीरपणे नववं वाचलं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही होती, की आलेखाला मथळा असा द्यावा की तो काढणारा समोर नसतानाही आलेख कळला पाहिजे; आणि कधीही करू नये ते म्हणजे अर्धवट मथळा. ते वाक्य मी वाचलं, मान डोलावली आणि वर्षभरात विसरले. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

मराठी पुस्तिका करायला मला अडीच महिने लागले. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं आकृत्या कोरायच्या. जरा जोर झाला की स्टेन्सिल फाटे आणि वर्तुळाऐवजी काळा डाग छापून येई. शब्दांवरून साहेबांशी वाद झाला. त्यांना शास्त्रीय शब्द हवे होते, 'भुज' आणि 'कोटी'. मी 'आडवी रेघ' आणि 'उभी रेघ' लिहिलं होतं.

"ही भाषा फार घरगुती होते जोशीबाई."

"साहेब, ग्रामसेवकाला 'भुज मोजा' म्हटलं तर तो दंड मोजेल."

हा विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी कळला. स्वतः टेबलापाशी येऊन म्हणाले, "दंड! बरं, राहू द्या आडवी रेघ."

कोऱ्या पानाला मात्र त्यांचा खरा विरोध होता. "सरकारी पुस्तिकेत चुका असू शकतात, हे आपणच छापून द्यायचं?" मी सांगितलं की कागद दुमडताना एक पान तसंही कोरं उरतं. ते खरंही होतं. मग त्यांनी सही केली.

'आलेख कसा काढावा' अशी ती पुस्तिका गावोगाव गेली आणि महिनाभरात दुरुस्तीची पानं परत येऊ लागली. मला वाटलं होतं चार-दोन येतील. टपालाचा शिपाई वैतागला इतकी आली. काहींनी त्या पानावर बदलीचे अर्ज केले होते. एकानं विचारलं होतं की सोबत टाचण्या का पाठवल्या नाहीत. पण पुष्कळांनी कामाचं लिहिलं होतं.

कौंडण्यपूरच्या बाजूचे एक शाळामास्तर होते. त्यांनी जत्रेला आलेल्या बैलगाड्यांचा आलेख हौसेनं काढून पाठवला. आदल्या वर्षीपेक्षा गाड्या दुप्पट आल्या, म्हणून त्यांनी दुसऱ्या वर्षाची गाडी दुप्पट उंच आणि दुप्पट लांब काढली होती. चित्र इतकं सुरेख की बैलांच्या शिंगांना गोंडे होते. पण बघणाऱ्याला वाटे, जत्रा चौपट झाली. माझ्या पुस्तिकेत 'चित्र आकड्याच्या प्रमाणात काढावे' एवढंच होतं. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. मी दुरुस्ती लिहिली, 'चित्राचा आकार तोच ठेवावा, चित्रांची संख्या वाढवावी.' मास्तरांनी पुढल्या खेपेला तेवढ्या सगळ्या गाड्या एकेक करून काढल्या, प्रत्येक बैलाच्या गोंड्यांसकट.

आणि मग वानखडे.

हिवरखेडच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याकडे एक लहानसं गाव आहे. त्याला मी इथे जांभुळखेड म्हणते. वानखडे तिथले ग्रामसेवक. पस्तिशीचे, शेतकऱ्याच्या घरातले, टोपी काखेत धरून बोलणारे. त्यांनी पाठवलेल्या पावसाच्या आलेखात महिन्यांच्या पट्ट्या कागदाच्या वरच्या कडेपासून खाली लोंबत होत्या. श्रावणाची सगळ्यांत लांब, जवळजवळ तळाला टेकलेली. मी तो आलेख सगळ्या ऑफिसला दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढे मासिक सभेला ते अकोल्याला आले तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"वानखडे, पट्ट्या उलट्या का काढल्या?"

"उलट्या कुठी हायेत बाई? पाऊस वरून खाली पडते न! मंग पट्टी खालून वर काहून जाईन?"

"सगळ्यांचे आलेख खालून वर जातात. तुमचा एकट्याचा वेगळा कसा चालेल?"

"पन पाह्यनाऱ्याले तं पाऊस पडून राहिल्यावानीच दिसते."

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी जरा आवाज चढवला. शिकलेल्या माणसांची ही जुनी सवय आहे. त्याच आठवड्यात मी सगळ्या गावांना दुरुस्तीचं पत्रक पाठवलं, ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून: 'कोणत्याही आलेखात मोठा आकडा नेहमी वर, लहान आकडा नेहमी खाली.' मला वाटलं, आता कोणी चुकणार नाही.

वर्षभर खरंच कोणी चुकलं नाही. मग माघात विहिरींचं काम आलं.

उन्हाळ्याआधी काही गावांच्या सार्वजनिक विहिरी खोल करायच्या होत्या. यंत्रं आणि कारागीर मोजके, म्हणून गावंही मोजकी. निवड अमरावतीचं मोठं ऑफिस करणार आणि ती आमच्या आलेखांवरून. गावांचे आलेख माझ्याकडे आले, मी ते कापडावर गिरवले. जांभुळखेडचा आलेख फार नीटस होता. वानखडेंनी दिवाळीपासूनचे ठिपके अगदी बारीक दिले होते. मथळा मात्र लांब होता, 'विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत दोर किती हात लागला'. तो माझ्या चौकटीत मावेना. मी तो आटोपशीर केला, 'विहिरीतील पाणी'. आणि मनात म्हटलंसुद्धा, वानखडे सुधारले.

त्यांची रेघ दिवाळीपासून सारखी वर चढत होती. आलेख अमरावतीला गेले. यादी परत आली तिच्यात जांभुळखेड नव्हतं. शेरा होता, 'पाणी वाढते आहे. गरज नाही.'

चार-पाच दिवसांनी दुपारी वानखडे ऑफिसात आले. सोबत एक नऊवारीतल्या उंच, काटक बाई होत्या. त्यांच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं.

"ह्या गयाबाई," वानखडे म्हणाले. "आमच्या पंचायतीच्या मेंबर हायेत. दहा एकर वावर एकट्या पाह्यतात. त्याइले तुमाले भेटाचं होतं."

गयाबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. "पानी वाढून राहिलं असं तूनंच लिहिलं का वं माय?"

मी म्हणाले, "आलेखात दिसतंय ना, रेघ वर चाललीय."

"बरं," त्या म्हणाल्या. "हे टोक धर."

मी दोराचं टोक धरलं. त्या भेंडोळं सोडत मागे मागे चालू लागल्या. दोराला जागोजाग लाल चिंध्या बांधल्या होत्या. माझ्या टेबलापासून दोन टेबलं ओलांडल्यावर त्या थांबल्या.

"हे दिवाळीचं. इतका दोर सोडला का बादली पान्याले लागे."

त्या आणखी मागे गेल्या. कारकून खुर्च्या सरकवून वाट देऊ लागले. "हे संक्रांतीचं." मग दार ओलांडून व्हरांड्यात गेल्या, व्हरांडा संपला, पायऱ्या उतरल्या. बाहेर उन्हातून त्यांचा आवाज आला, "आन हे कालचं! वाढलं का पानी?"

दोर माझ्या हातात ताणला गेला होता. मला एकदम कळलं. वर चढत होता तो दोराचा आकडा. दोर जितका लांब तितकं पाणी खोल. 'मोठा आकडा वर' या माझ्या नियमानं आटणारी विहीर कागदावर भरून दाखवली होती. आणि ते सांगणारा एकमेव मथळा मी जागा पुरेना म्हणून कापला होता.

मी वानखडेंकडे वळले. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं न बाई," ते खाली पाहत म्हणाले. "काढतानाच वाटलं, हे उलटं होऊन राहिलं. इहिरीचा आलेख तं वरून खालीच पायजे. पन तुमी सभेत रागावल्या होत्या. आन पत्रकात दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'कोणत्याही'. मंग म्या म्हटलं, छापलेलं हाये, आपलंच चुकत असंन."

नोकरीत मला मेमो मिळाले, एकदा वेतनवाढ थांबली, एका साहेबांनी भर सभेत अपमान केला. पण त्या वाक्यासारखं काही लागलं नाही.

मी आधी कपाट उघडलं आणि विहिरींचे सगळे आलेख काढून मूळ कागदांशी ताडून पाहिले. आणखी दोन गावं तशीच निघाली. दोन्हीकडच्या ग्रामसेवकांनी दोरानंच मोजलं होतं. मग तीन आलेख घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

साहेबांनी तिन्ही आलेख शेजारी शेजारी मांडून पाहिले. मग म्हणाले, "यादीवर सह्या झाल्यात. आता पत्र लिहायचं तर चूक कोणाची म्हणून लिहू?"

"पुस्तिकेची लिहा. पुस्तिका माझी आहे."

"तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, जोशीबाई."

"माहीत आहे साहेब."

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. मी टेबलापलीकडून उलटं वाचत होते. ते वाक्य असं होतं, 'आमच्या कार्यालयाने दिलेल्या सूचनेत दोष होता. ती सूचना मी तपासून मंजूर केली होती.' माझं नाव कुठेच नव्हतं. पुण्याच्या माणसांबद्दल आमच्याकडे जे काही बोललं जातं त्यात मी त्या दिवसापासून भर घातलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी अमरावतीला निघाले. पत्र, तीन आलेख आणि गयाबाईंचा दोर. तो त्यांनी मागितल्याबरोबर दिला, वर म्हणाल्या, "पन सोता येऊन परत आनजो, घाई नाई." कंडक्टरनं भेंडोळं पाहिलं आणि विचारलं, "बाई, कोनाले बांधाले चालल्या?" मी म्हटलं, "अधिकाऱ्यांना." तो पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याकडे चोरून बघत होता.

मोठ्या ऑफिसातले अधिकारी जाडजूड, भारदस्त. पत्र वाचून त्यांनी भुवया चढवल्या. "आता यादी बदलायची? एका ट्रेसरच्या सांगण्यावरून?"

मी आलेख पुढे केला, समजावू लागले. शेवटी मी दोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हे टोक जरा धरता का?"

त्यांनी का धरलं कोण जाणे. मी मागे मागे चालत गेले. पहिली चिंधी, दुसरी चिंधी. दाराबाहेर बसलेला पट्टेवाला उठून उभा राहिला. तिसऱ्या चिंधीला मी जिन्याच्या तोंडाशी होते आणि तिथून मोठ्यानं सांगत होते, "आणि हे परवाचं, साहेब!"

परत आत आले तेव्हा ते दोर हातानं गुंडाळत होते, कोपरावरून वेढे घेत, शेतकऱ्याच्या सफाईनं. आवाज बदलला होता. "आमच्या घरची विहीर अशीच मोजायचे माझे वडील," ते म्हणाले. "मग हे सरळ वरून खाली का नाही काढत तुम्ही लोक?"

"एकानं काढलं होतं साहेब. मी त्याला रागावले."

तिन्ही गावं यादीत आली. पण कारागीर तेवढेच होते, म्हणून यादीच्या शेवटची तीन गावं पुढच्या वर्षावर गेली. त्यांतल्या एका गावानं त्या उन्हाळ्यात दोन कोसांवरून गाडीनं पाणी आणलं. त्यांचा आलेख बरोबर होता आणि त्यांनी काहीच चूक केली नव्हती. सगळं मार्गी लागलं असं मी कधी म्हणत नाही, ते त्यांच्यामुळे.

जाता जाता नीळकंठरावांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "'नेहमी' हा शब्द काढून टाक. पुस्तिकेत तो जिथे जिथे आहे तिथे चूक आहे असं समज आणि शोध." मी शोधलं. एकोणीस ठिकाणी 'नेहमी' होता, त्यातल्या अकरा ठिकाणी खरंच चूक होती.

दुसरी आवृत्ती मी वानखडेंना शेजारी बसवून केली. साहेबांनी त्यांना आठ दिवस अकोल्याला बोलावून घेतलं. प्रत्येक वाक्य मी वाचायची आणि विचारायची, "हे कळलं?" ते आधी दबकून "हो" म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून मोकळे झाले. "नाई कळलं. हे तुमी कोनासाठी लिहून राहिले?" असं ते म्हणाले की मी ते वाक्य खोडायची. विहिरीचं प्रकरण त्यांनीच सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं: 'आलेख काढण्याआधी डोळे मिटून ती वस्तू आठवावी. ती ज्या बाजूने वाढते त्या बाजूने रेघ न्यावी. पाणी खाली जात असेल तर रेघ खाली जावी.' पावसाच्या लोंबत्या पट्ट्याही 'अशाही चालतात' म्हणून घातल्या, त्यांच्या नावासकट. मुखपृष्ठाच्या आत दुरुस्ती कळवणाऱ्या सगळ्यांची नावं छापली. बैलगाडीवाल्या मास्तरांनी त्या पानाला म्हणे चौकट करून घेतली.

त्या आवृत्तीची एक प्रत दोन वर्षांनी माझ्याच टेबलावर आली, ती दुसऱ्याच जिल्ह्याची, वर दुसऱ्याच ऑफिसचं नाव घालून. आमचा हेडक्लार्क खवळला. "बाई, सरळ चोरली हो तुमची पुस्तिका!" मी उलटून पाहिली. आकृत्या माझ्या, वाक्यं माझी, पण सहाव्या पानावर मोजमाप कसं निवडावं ते त्या चोरानं माझ्यापेक्षा कितीतरी सोपं करून लिहिलं होतं. मी ते पान तसंच्या तसं तिसऱ्या आवृत्तीसाठी उतरवून घेतलं आणि त्या ऑफिसला आभाराचं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. घाबरले असतील.

जांभुळखेडला मी गेले ती विहीर खोल झाल्यावर, दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात. खरं तर दोर परत द्यायचा होता, टपालानं पाठवायला मन झालं नाही. हिवरखेडपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. वानखडे आणि गयाबाई दोघंही तालुक्याला गेले होते. दोर पंचायतीत ठेवून मी एकटीच विहिरीवर गेले.

विहिरीच्या भिंतीला पत्र्याचा फलक ठोकला होता. त्यावर निळ्या रंगाची रेघ, पावसाळ्यात वर चढलेली आणि मग वरून खाली उतरत आलेली, पण बेतानं. एक तरुण बाई पाणी शेंदत होती. मला वाचताना बघून तिनं बादली काठावर टेकवली.

"समजते का त्यातलं काई?" तिनं विचारलं.

मी ट्रेसर आहे, पुस्तिका माझी आहे, वगैरे सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हणाले, "नाही. काय आहे ते?"

"मी सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात. "हे वरचं इहिरीचं तोंड. हे निळं म्हनजे पानी. रेघ जितकी खाली, तितका दोर जास्ती घ्या लागते. मांगच्या साली या दिवसांत इथी होतं," तिनं पत्र्याच्या पार खालच्या कडेवर बोट ठेवलं, "आन औंदा इथी हाये." बोट वीतभर वर आलं. "म्हनजे औंदा मिरगापर्यंत पुरते."

"तुला वाचता येतं?"

"छ्या! वाचाचं काय हाये त्यात? दिसते न डोयानं."

मी पुन्हा फलकाकडे वळले. तिला वाटलं मला अजून कळलं नाही. ती फलकापाशी आली.

"पन यात एक चुकलं हाये," ती म्हणाली. "हे वरस चैतापासून लावलं. ज्यानं काढलं त्याले समजलंच नाई. इहिरीचं वरस मिरगापासून लागते. मिरगात पानी येते, मंग वरसभर उतरते. चैतात मधातच कापलं तर मांगचं कसं समजाचं मानसाले?"

महिने चैत्रापासून लावावेत, हे वाक्य दोन्ही आवृत्त्यांत होतं. ते वडिलांच्या पंचांगावरून माझ्या हाती बसलेलं होतं. नीळकंठरावांच्या, वानखडेंच्या, साहेबांच्या, कोणाच्याच नजरेला ते टोचलं नव्हतं.

मी पिशवीतून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. मग तिला नाव विचारलं.

"नाव कायले?" ती एकदम सावध झाली.

"पुस्तकात घालायचं आहे. ही चूक तू दाखवलीस म्हणून."

ती पदर तोंडाला लावून खदखदून हसली. मग बादली पुन्हा विहिरीत सोडली आणि वाकून पाण्याकडे बघत म्हणाली, "पयले ते नीट करा. मंग नाव सांगतो."

आम्ही ते नीट केलं. तिसऱ्या आवृत्तीत विहिरीचं वर्ष मृगापासून सुरू होतं, आणि नवीन फलक घेऊन वानखडे गेले तेव्हा तिनं आपलं नाव सांगितलं. आधी पत्रा खालपासून वरपर्यंत तपासून.